दूध पावडरीच्या डब्यातलं रिव्हॉल्वर

मी एक जुना लायटर आहे. सिगारेट पेटवायचा. पण मित्रांनो, पहिल्या भेटीत मला लायटर म्हणणारा माणूस अजून मला भेटायचा आहे. लोक मला बघतात आणि दचकतात, कारण माझा आकार रिव्हॉल्वरचा आहे. आखूड नळी, गोल फिरणारी चकरी, मागे घोडा, खाली चाप, आणि लाकडाची वाटावी अशी प्लास्टिकची मूठ. चाप ओढला की नळीच्या तोंडाशी बोटभर ज्योत येते. एवढाच काय तो माझा पराक्रम.

सध्या माझा मुक्काम बहरीनच्या विमानतळावर आहे. सामान तपासायच्या रांगेजवळ एक काचेची पेटी आहे. कोणत्या वस्तू विमानात नेऊ नयेत हे प्रवाशांना कळावं म्हणून ती ठेवली आहे. माझ्या एका बाजूला मोठी कात्री आहे, दुसऱ्या बाजूला रंगाचा फवारा. मुलं काचेला नाक लावून माझ्याकडेच बघतात, कात्रीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पूर्वी या गोष्टीचा मला अभिमान वाटला असता. आता लाज वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे आमची शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. कोणी लांब नळीचं, कोणी चपटं काळं, कोणी माझ्यासारखं ठेंगणं. खोक्यात बसून, समुद्रावरून डुलत डुलत मी बहरीनला आलो आणि मनामाच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, एका चिंचोळ्या दुकानात मांडला गेलो. घड्याळं, टॉर्च, अत्तराच्या बाटल्या आणि मी. दुकानदार केरळचे होते. त्यांना सगळे इक्का, म्हणजे दादा, म्हणत.

इक्कांनी मला विकायला ठेवलं खरं, पण वापरलं स्वतःसाठीच. गिऱ्हाईक तोंडात सिगारेट धरून उभं राहिलं की इक्का मला उचलत, त्याच्यावर रोखत आणि गंभीरपणे म्हणत, "खलास!" गिऱ्हाईकाचे डोळे विस्फारत. मग टिचकन ज्योत येई आणि सगळं दुकान हसे. ती माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं. मुठीचा रंग थोडा उडाला, पण मान मोठा होता. लोकांना आधी घाबरवायचं आणि मग हसवायचं, यात माझी हयात गेली असती तर मी कोणापुढे तोंड लपवलं नसतं.

मग एका शुक्रवारी दत्ताराम आला.

दत्ताराम मालवणकडचा. सलमाबादमधल्या एका एसीच्या कंपनीत व्हॅन चालवायचा. पन्नाशीला आलेला, अंगानं रोड, आणि त्या दिवशी अगदी अस्वस्थ. हातात मोबाईल होता. त्यावर एक परदेशी माणूस रिव्हॉल्वर कसं निवडावं हे समजावून सांगत होता. दत्तारामला त्याची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण हातवारे पुरेसे होते. नळी आखूड हवी, म्हणजे कपड्यात लपते. घोडा अडकता कामा नये. वजन हलकं हवं, कारण जड हत्यार माणूस घरी ठेवून जातो आणि वेळेला हात रिकामा राहतो. खरं हत्यार घेणं ना इथे त्याच्या हातात होतं, ना गावाला. म्हणून तो ते सगळे नियम घेऊन लायटरच्या दुकानात आला होता.

"इक्का, असली जैसा दिखना मंगता," तो म्हणाला. "मगर छोटा. लेडीज के हाथ में बैठना मंगता."

इक्कांनी तिघांना काढलं. लांब नळीचा भाऊ दत्तारामने कमरेला खोचून पाहिला. शर्टावरून तो सरळ दिसला. चपट्या काळ्याला त्याने खिशात घातलं तर पँटच खाली ओढली गेली. मग माझी पाळी आली. मला त्याने मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने खिशातून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या. शेवंतीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हाताचं माप त्याला बांगड्यांवरून ठाऊक होतं. त्याने बांगडीशेजारी माझी मूठ धरली, मान हलवली, मला खिशात टाकलं आणि दुकानाच्या आरशासमोर मागेपुढे चालून पाहिलं. मी अजिबात दिसत नव्हतो.

"कोई मालूम नहीं पडेगा," इक्का म्हणाले.

मी फुलून गेलो, मित्रांनो. उंचीवरून मला सगळ्यांनी चिडवलं होतं, आणि आज त्या ठेंगणेपणामुळेच माझी निवड झाली होती. सहज लपता येणं हा मला गुण वाटला. या एका समजुतीची किंमत पुढे दुसऱ्याने मोजली.

सलमाबादला कंपनीच्या खोलीत चार खाटा होत्या. दत्तारामच्या शेजारची खाट सुजीतची. सुजीत अकोल्याचा, एसीचा टेक्निशियन. दोघांचं नऊ वर्षांचं सख्य. चौदा एप्रिलला जयंतीच्या हॉलवर माणसं न्यायला दत्ताराम सुट्टी असूनही व्हॅन काढायचा. गणपतीत दत्तारामने वाफवलेले मोदक कळीला फुटले, तरी सुजीत त्यांची तारीफ करत आठ-आठ खायचा. एकाला ताप आला की दुसरा ड्यूटीवर जाण्याआधी पेज करून ठेवी.

दत्तारामने मला कपाटात कपड्यांखाली ठेवलं. संध्याकाळी तो शेवंतीशी फोनवर बोलला, ते मी ऐकलं. घर वाडीच्या टोकाला. घरात शेवंती आणि कॉलेजात जाणारी मुलगी मृणाली, दोघीच. पंधरा दिवसांपूर्वी भरदुपारी कोणीतरी त्यांचं मागचं दार हलवून गेलं होतं.

"भिया नको. मी काय तरी करतंय," दत्ताराम म्हणाला.

"काय तरी नको," शेवंती म्हणाली. "मागल्या दाराची कडी मोडलीहा, ती बसवक सांगा. सुतार माझा ऐकणा नाय. तुमचो फोन गेलो तर येतलो."

"बघतंय, बघतंय."

ती कडी मागत होती. हा तिच्यासाठी रिव्हॉल्वर घेऊन बसला होता. सुताराला एक फोन करायचा होता, तोही त्याच्याकडून झाला नाही. परदेशात बसून घराचं रक्षण करायचं म्हणजे काहीतरी मोठं, मर्दानी करायला हवं असं त्याला वाटत असावं. आणि मला तर माझी थोरवीच वाटत होती. त्या माउलीने माझ्या जिवावर चोराला धमकावलं असतं आणि तो घाबरला नसता तर? मी काय करणार होतो, त्याची विडी पेटवून देणार होतो?

आखातातल्या आपल्या माणसांत एक रीत आहे. कोणी गावाला निघाला की बाकीचे त्याच्याकडे पार्सल देतात. बायकोला साबण, मुलाला चॉकलेट, म्हाताऱ्यांना बाम. जाणारा नाही म्हणत नाही, कारण उद्या त्यालाही हेच करायचं असतं. आणि दुसऱ्याचं पार्सल कोणी उघडून बघत नाही. गाठ सोडली म्हणजे विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं.

त्या आठवड्यात सुजीतच गावाला निघाला. तो सुट्टीसाठी निघाला नव्हता. त्याचे वडील दशरथअप्पा यांच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला आणलं होतं. डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार होते. माणूस वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अप्पांचा आवाज हा साधा आवाज नव्हता. तीस वर्षं त्यांनी एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या होत्या. वाशिम गाडी फलाट तीनवर लागली आहे, हे त्यांनी म्हटलं की आंधळासुद्धा नीट चढेल, असं सुजीत सांगायचा. पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायलाही तेच. सुजीत खोलीत कधी त्यांची नक्कल करायचा आणि करता करता गप्प व्हायचा.

"अप्पा म्हणतात, फोनवर नको, समोर ये. काहीतरी बोलायचं आहे म्हणे," बॅग भरता भरता तो म्हणाला. "परवा सकाळी आठला ऑपरेशन आहे ना बा. उद्या संध्याकाळी सातपर्यंत मी त्यांच्या खाटेजवळ असतो. एक रात्र भेटते. पुरे झाली."

दत्तारामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. पण त्याच हातांनी त्याने सुजीत अंघोळीला गेल्यावर मला कपाटातून काढलं. माझ्या पोटातला गॅस सोडून दिला. गॅस काढला म्हणजे विमानाच्या नियमात बसलं, असं त्याला खरंच वाटत होतं. मग दूध पावडरीचा मोठा डबा उघडला, मला फडक्यात गुंडाळून पावडरीत खोल खुपसलं आणि वरून झाकण लावून चिकटपट्टी मारली. डब्याभोवती साबण, बाम, बांगड्या रचून वरून कापड बांधून गाठ मारली. त्यावर निळ्या पेनने मेव्हण्याचं नाव लिहिलं. मेव्हणा बाळाजी मुंबईच्या विमानतळावर येऊन पार्सल घेणार होता.

"काय आहे यात?" सुजीतने परत आल्यावर विचारलं.

"काय असतला? दूध पावडर, साबण, बांगडे नाय रे, बांगडे थंय असतत. बांगडयो."

दोघंही हसले. सुजीतने गाठ सोडली नाही. रीतच तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान यंत्रातून गेलं. यंत्र मोठं इमानी असतं. त्याला दूध पावडर दिसत नाही, आकार दिसतो. पट्टा थांबला. लोक धावले. डब्यातली पावडर एका ट्रेमध्ये ओतली गेली आणि मी पांढराफटक होऊन बाहेर आलो.

सुजीतचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

तिथल्या अधिकाऱ्याचं नाव अर्सलान. माणूस शांत होता, उर्दू बोलायचा. त्याने मला उलटंसुलटं केलं, चाप ओढला, ज्योत आली नाही, गॅसचं भोक पाहिलं. "लायटर है," तो म्हणाला. "लेकिन छुपाया क्यों? किसका है?"

"मेरा नहीं है साहब. दोस्त का पार्सल है. मुझे मालूम नहीं था."

"दोस्त को बुलाओ. वो आ के लिख दे, तो तुम्हारी फ्लाइट नहीं जाएगी. टाइम है."

वेळ खरंच होता. पावणेनऊ वाजले होते, विमान अकराचं, आणि सलमाबाद अर्ध्या तासावर. अर्सलानने टेबलावरचा फोन उचलला, दत्तारामला लावला आणि विचारलं, "तुमने पार्सल दिया है? अंदर पिस्तौल जैसा क्या है?"

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडे व्हॅनचं इंजिन ऐकू येत होतं. मग दत्ताराम बोलला.

"नाय साब. मेरा कुछ नहीं है. मैं नहीं दिया."

मित्रांनो, मी तीन दिवस त्याच्या कपाटात होतो. त्याच्या बायकोच्या बांगडीशेजारी त्याने मला मापून घेतलं होतं. तो घाबरला होता, हे मला कळतं. पिस्तौल हा शब्द ऐकल्यावर त्याला व्हिसा दिसला असेल, नोकरी दिसली असेल, शेवंती-मृणालीचं काय होईल ते दिसलं असेल. पण सुजीत दिसला नाही. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. मला होती ती नुसती नळी.

सुजीत खाली बघत राहिला. "तो असं नाही बोलू शकत," एवढंच तो मराठीत पुटपुटला.

मग प्रकरण साध्या लायटरचं राहिलं नाही. लपवलेल्या मालाचा मालक कोण, हा प्रश्न झाला. मोठे साहेब आले, कागद आले, दुभाषा आला. नियमाप्रमाणे सुजीतचा फोन काढून एका ट्रेमध्ये ठेवला, माझ्या शेजारी. सुजीतला आतल्या खोलीत नेलं. अकराच्या सुमाराला बाहेरच्या भोंग्यावरून एका बाईंनी त्याचं नाव तीनदा पुकारलं, तेही चुकीचं. अप्पांनी किती नीट पुकारलं असतं! मग विमान गेलं.

दुपारी तीनच्या पुढे ट्रेमधला फोन थरथरला. पडद्यावर नाव उमटलं, 'अप्पा'. तिकडे साडेपाच वाजून गेले असतील. मुलगा उतरला असेल या हिशेबाने त्यांनी फोन लावला असणार. फोन थरथरत सरकत माझ्या नळीला येऊन टेकला. आसपास कोणी नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. अप्पा. पुन्हा. अप्पा. चार वेळा वाजला. चौथ्यांदा फार वेळ वाजला. माझ्यामुळे तो फोन त्या ट्रेमध्ये पडला होता, आणि मी त्याच्या अंगाला अंग लावून नुसता पडून होतो. आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

चारच्या सुमाराला दत्ताराम आला. पायांत कामावरचेच बूट, शर्ट घामाने भिजलेला. "साब, वो मेरा है. सुजीत को छोडो. मैं झूठ बोला," तो म्हणाला आणि खुर्ची असूनही जमिनीवर बसला.

"सुबह बोलना था," अर्सलान म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. दत्ताराम मान वर करेना.

कागद पुरे होईपर्यंत सहा वाजले. लायटरच असल्यामुळे सुजीतला सोडलं. दत्तारामकडून लिहून घेतलं, कंपनीला कळवलं आणि मला जप्त केलं. सुजीतने फोन हातात घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या बहिणीला, रश्मीला लावला.

"दादा, कुठं आहेस तू?" रश्मी रडत होती. "अप्पांचा श्वास अडकला रे. आत्ता नळी टाकली गळ्यात. बोलता नाही येत त्यांना आता. किती फोन केले तुला!"

सुजीतने फोन खिशात ठेवला. दत्तारामने त्याच्या हाताला धरायला हात पुढे केला. सुजीतने आपला हात मागे घेतला आणि त्याच्याकडे न बघता निघून गेला. त्याला विमान मिळालं दुसऱ्या दिवशी सकाळचं. तोवर अप्पा ऑपरेशनच्या टेबलावर होते.

अर्सलानने मला या काचेच्या पेटीत ठेवलं. "लोग देखें," असं तो म्हणाला होता. लोक बघतात. पुढचं काही मला कळायचं कारण नव्हतं. पण आठ महिन्यांनी, एका सकाळी, दोन ओळखीचे चेहरे पेटीसमोर येऊन थांबले.

सुजीत सुट्टीवर निघाला होता. कंपनीची माणसं विमानतळावर सोडणं हे ड्रायव्हरचं काम, म्हणून ट्रॉली ढकलत मागे दत्ताराम होता. त्याची नोकरी वाचली होती, पण केस पार पिकले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. शेजारशेजारच्या खाटांवर आठ महिने अबोला धरून राहणं किती जड असेल, ते त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं.

सुजीतने काचेतून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी डोळे मिटले असते, पण मला डोळ्यांची सोय नाही.

शेवटी दत्ताराम म्हणाला, "अप्पांका काय सांगायचा होता रे तुका? आठ महिने झाले. माका झोप नाय."

सुजीतची नजर काचेवरच होती.

"मी पण विचारलं त्यांना," तो म्हणाला. "व्हिडिओ कॉलवर पाटीवर लिहून दाखवतात आता. वाटलं, जमिनीचं असेल, रश्मीच्या लग्नाचं असेल. त्यांनी लिहिलं, काही नव्हतं रे. तुला नावानं एकदा हाक मारायची होती."

दत्तारामने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

"मागच्या महिन्यात त्यांना कळलं, मी तुझ्याशी बोलत नाही म्हणून. पाटी पुसून लिहिलं, 'ज्याच्याजवळ आवाज आहे, त्यानं असं करू नये.' तेव्हापासून बोलायचं म्हणतो. तोंडातून निघत नव्हतं."

दत्तारामने बगलेतून एक गाठोडं काढलं. ते त्याने सुजीतच्या हातात दिलं नाही. तिथेच, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पायांत, माझ्या पेटीसमोर फरशीवर बसून त्याने गाठ सोडली आणि एकेक वस्तू बाहेर मांडली. बामच्या दोन बाटल्या. मृणालीसाठी वह्या. अप्पांसाठी एक पांढरा बोर्ड आणि पुसता येणारी पेनं. आणि तळाशी एक जाड लोखंडी कडी, तिच्या स्क्रूंसकट.

"बघ. सगळा हातात घेवन बघ," तो म्हणाला. "सुताराक फोन केलंय. त्याका म्हटलंय, कडी येताहा."

सुजीतने कडी उचलली, सरकवून पाहिली आणि बॅगेत ठेवली. बोर्ड त्याने शेवटी घेतला. तो बॅगेत जाईना, म्हणून काखेत धरला. मग तो रांगेकडे चालू लागला.

"सुजीत!" मागून दत्तारामने हाक मारली. नीट, मोठ्याने, नावाने.

सुजीत थांबला आणि वळला. त्याचे डोळे भरले होते. त्याने हात वर केला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

मित्रांनो, तो वळला म्हणून माझा अपराध पुसला गेला असं मी मानत नाही. अप्पांची हाक मी अडवली, ती आता कोणीच परत आणू शकत नाही. मी या पेटीत उरलेलं आयुष्य काढीन. माझ्यासमोरून जाल तेव्हा एवढं करा. हातात दुसऱ्याचं पार्सल असेल तर विचारा, त्यात काय आहे. देणाऱ्याला राग आला तर माझ्याकडे बोट दाखवा. तुम्हीच देणारे असाल तर गाठ सोडून द्या. आणि खिशातला फोन थरथरत असेल, तर मला बघत उभे राहू नका. आधी तो घ्या.